काकासाहेब गाडगीळ आणि विजेच्या सार्वजनिक मालकीचा प्रश्न : मावळच्या धरणखोऱ्यांतून एक पुनर्विचार

गोषवारा :
भारतातील वीजव्यवसाय सार्वजनिक मालकीकडे वळविणारा मूलभूत कायदा म्हणजे १९४८ चा विद्युत (पुरवठा) अधिनियम होय. हा कायदा संमत झाला तेव्हा केंद्रातील बांधकाम, खाणी व वीज हे खाते पुण्याचे नेते नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. कायद्याची पूर्वतयारी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४२ ते १९४६ या काळात झाली. प्रस्तुत निबंधात गाडगीळांच्या राजकीय वाटचालीच्या संदर्भात या धोरणाची जडणघडण तपासली आहे. ज्या मावळ-मुळशी परिसरात पश्चिम भारतातील मोठ्या जलविद्युतनिर्मितीचा प्रारंभ झाला, त्या परिसराच्या अनुभवावर हे धोरण पारखून पाहण्याचाही प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रात विजेच्या मालकीचा प्रश्न आणि धरणाखाली गेलेल्या जमिनीचा प्रश्न हे दोन स्वतंत्र प्रवाह राहिले व त्यांची सांगड कधीही घातली गेली नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : काकासाहेब गाडगीळ, विद्युत (पुरवठा) अधिनियम १९४८, सार्वजनिक मालकी, मुळशी सत्याग्रह, मावळ, विस्थापन.

प्रस्तावना :
पवनानगर येथून भोवतालच्या प्रदेशाकडे पाहिले असता तुंग, तिकोना, लोहगड व विसापूर हे किल्ले नजरेस पडतात आणि त्यांच्या मधोमध पवना धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. इतिहासाचा विद्यार्थी या भागात येतो तो बहुधा किल्ल्यांसाठी. तथापि मावळच्या आधुनिक इतिहासाची साधने किल्ल्यांइतकीच येथील धरणांतही आहेत. लोणावळ्याजवळचे वळवण, नाणे मावळातील शिरवता, आंदर मावळातील ठोकळवाडी, शेजारच्या तालुक्यातील मुळशी आणि पवन मावळातील पवना हे जलाशय विसाव्या शतकाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर निर्माण झाले. त्यांपैकी पहिले चार खाजगी कंपन्यांनी वीजनिर्मितीसाठी बांधले, तर पवना धरण शासनाने बांधले. एकाच डोंगररांगेत मालकीच्या या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत असल्याने, विजेची मालकी कोणाची असावी, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही.

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्या मंत्र्यावर आली, तो पुण्याचाच होता, ही बाब मराठी इतिहासलेखनात पुरेशी नोंदली गेलेली नाही. काकासाहेब गाडगीळ यांचे स्मरण जेधे-गाडगीळ युतीसाठी, सोमनाथ मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरील संसदीय भाषणांसाठी आणि ‘पथिक’ या आत्मचरित्रासाठी केले जाते. वीजधोरणाच्या संदर्भात त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. ही उणीव अंशतः भरून काढणे, हा या लेखनामागील हेतू आहे.

उद्दिष्टे व पद्धती :
१) काकासाहेब गाडगीळ यांच्या राजकीय कारकिर्दीत वीजविषयक कायद्याचे स्थान निश्चित करणे.
२) या कायद्यामागील वैचारिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) मावळ-मुळशीच्या अनुभवाच्या आधारे सार्वजनिक मालकीच्या धोरणाच्या मर्यादा तपासणे.
यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे परदेशातील अनुभवाशी तुलना केली आहे.

विवेचन :

१. खाजगी विजेचा प्रारंभ आणि मावळ
भारतात जलविद्युतनिर्मितीचा पहिला मोठा प्रयोग म्हैसूर संस्थानात झाला. कावेरीवरील शिवसमुद्रम येथे निर्माण केलेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली. हा प्रकल्प संस्थानच्या सरकारचा होता. पुढे मद्रास इलाख्यातील पायकारा आणि पंजाबातील मंडी हे प्रकल्पही सरकारी पुढाकाराने उभे राहिले. मुंबई इलाख्याने मात्र निराळी वाट धरली. येथे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळा येथे कामाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. त्यापाठोपाठ आंध्रा व्हॅली कंपनीचे भिवपुरी येथील वीजगृह १९२२ मध्ये, तर मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये कार्यान्वित झाले.

या योजनांचे तंत्र सह्याद्रीच्या रचनेवर आधारलेले होते. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवावयाचे आणि ते मोठ्या नळांतून कोकणाच्या बाजूस सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्यावर जनित्रे फिरवावयाची, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईच्या कापड गिरण्या हा या विजेचा पहिला मोठा ग्राहक होय. म्हणजे पाणी व जमीन मावळची, वीजगृहे कुलाबा जिल्ह्यात आणि वीज मुंबईची, अशी ही विभागणी होती. जे पाणी निसर्गतः इंद्रायणी, आंध्रा व मुळा या नद्यांतून भीमेकडे, म्हणजे पूर्वेकडे वाहावयाचे, ते पश्चिमेकडे वळविले गेले. हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यास मिळावे ही मागणी अलीकडच्या काळातही वारंवार पुढे येते, यावरून या प्रश्नाचे आयुष्य लक्षात यावे.

२. मुळशी सत्याग्रह : मालकीचा प्रश्न न विचारणारी चळवळ
निला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ नियोजित असलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. पन्नासाहून अधिक गावांना या धरणाची झळ पोहोचणार होती. १९२४ च्या अखेरीस सेनापती बापटांच्या सशस्त्र कृतीनंतर त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि चळवळ ओसरली. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात या सत्याग्रहातील अंतर्गत ताण दाखवून दिले आहेत. पुण्यातील सावकार-जमीनदारांचे हितसंबंध नुकसानभरपाईच्या रकमेत होते, तर जमीन कसणाऱ्या मावळ्याचा जीव जमिनीत होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. सरकारने भूसंपादनाचा कायदा एका खाजगी कंपनीसाठी वापरला, यावर मुळशीत कडाडून टीका झाली. परंतु ही वीज कंपनीऐवजी लोकांच्या मालकीची असावी, अशी मागणी या चळवळीच्या केंद्रस्थानी आली नाही. तिचे म्हणणे सरळ होते : जमीन देणार नाही. धरण खाजगी की सरकारी, हा प्रश्न जमीन गमावणाऱ्यास दुय्यम वाटला असल्यास त्यात नवल नाही.

याच वर्षांत, १९२१ ते १९२५ दरम्यान, गाडगीळ पुणे जिल्हा काँग्रेस समितीचे चिटणीस होते. म्हणजे मुळशीचा संघर्ष त्यांच्या राजकीय उमेदवारीच्या काळातील व त्यांच्याच जिल्ह्यातील होता. तेथून सत्तावीस वर्षांनी वीजकायदा त्यांच्या खात्यामार्फत आला. या दोन घटनांमधील अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा खरा विषय आहे.

३. गाडगीळांची राजकीय वाटचाल
१० जानेवारी १८९६ रोजी जन्मलेल्या गाडगीळांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली व १९२० मध्ये कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. त्याच वर्षी ते काँग्रेसमध्ये आले. टिळकांच्या निधनानंतरच्या पुण्यात गांधीविचाराचे राजकारण करणे सोपे नव्हते. शहरातील पांढरपेशा वर्गाचा मोठा भाग या राजकारणापासून दूर होता आणि ब्राह्मणेतर चळवळ काँग्रेसकडे संशयाने पाहत होती. गाडगीळांनी पर्वतीच्या १९२९ मधील मंदिरप्रवेश सत्याग्रहास पाठिंबा दिला आणि केशवराव जेधे यांच्याशी हातमिळवणी करून ब्राह्मणेतर बहुजन समाजास काँग्रेसच्या प्रवाहात आणण्याच्या कामी महत्त्वाची भूमिका बजावली. ग्रामीण महाराष्ट्रात काँग्रेसचा पाया विस्तारला त्यात या युतीचा वाटा मोठा आहे.

१९३४ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले. दिल्लीतील या वर्षांत त्यांची संसदीय घडण झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्थापन झालेल्या नेहरू मंत्रिमंडळात त्यांचा समावेश होऊन बांधकाम, खाणी व वीज हे खाते त्यांच्याकडे आले. १९५२ पर्यंत ते मंत्रिमंडळात होते. त्यानंतर ते लोकसभेत पुण्याचे प्रतिनिधी होते. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्यांचा पराभव झाला. या मागणीचा लोकसभेत जोरदार पुरस्कार करूनही पक्षनिष्ठेची किंमत त्यांना मोजावी लागली. पुढे ते पंजाबचे राज्यपाल (१९५८-६२) व पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६२ मध्ये सातारा येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

४. कायद्याची पूर्वपीठिका : कराचीपासून मजूर खात्यापर्यंत
काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत उद्योग व सेवा, खनिज संपत्ती, रेल्वे, जलमार्ग इत्यादींवर राज्याची मालकी वा नियंत्रण असावे, असे म्हटले होते. विजेचा त्यात नावानिशी उल्लेख नव्हता. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीने मात्र ऊर्जा व इंधन या विषयासाठी मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली आणि वीज हा राष्ट्रीय नियोजनाचा स्वतंत्र विषय झाला.

या विचारास शासकीय चौकट देण्याचे श्रेय डॉ. आंबेडकरांकडे जाते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषयही त्यांच्या खात्याच्या कक्षेत होता. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम व वीजविषयक धोरण समितीपुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये केलेल्या भाषणात त्यांनी विजेची मालकी शासकीय असावी की खाजगी, हा प्रश्न थेट उपस्थित केला. वीज केवळ उपलब्ध असून भागणार नाही, ती मुबलक व स्वस्त असली पाहिजे. कारण औद्योगिकीकरणावाचून भारतीय माणसाची दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही आणि स्वस्त विजेवाचून औद्योगिकीकरण नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ अस्तित्वात आले. दामोदर खोरे योजनेच्या प्रारंभिक परिषदाही त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाल्या. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी तरतूद थेट राज्यघटनेतच करण्याची मागणी त्यांनी केली. कायदेमंडळातील बदलत्या बहुमतावर हा प्रश्न सोपवू नये, हा त्यामागील विचार होता.

येथे आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. १९४४ च्या ‘मुंबई योजने’त जे. आर. डी. टाटा, बिर्ला प्रभृती उद्योगपतींनीही वीज ही पायाभूत गरज मानून शासनाच्या व्यापक भूमिकेस मान्यता दिली होती. म्हणजे वीजक्षेत्रात शासनाने उतरावे या मुद्द्यावर समाजवादी विचारवंत, दलितांचे नेते आणि भांडवलदार यांच्यात बऱ्याच अंशी एकमत होते. एवढे एकमत असल्यामुळेच त्यासाठी रस्त्यावरील आंदोलनाची गरज भासली नाही. परिणामी या धोरणास जनतेचा दबावही लाभला नाही.

५. १९४८ चा अधिनियम : स्वरूप आणि तडजोड
स्वातंत्र्याच्या वेळी देशाची एकूण स्थापित वीजक्षमता अवघी १,३६२ मेगावॅट होती आणि वीज पोहोचलेली गावे सुमारे १,५०० होती. बहुतेक पुरवठा मोठ्या शहरांपुरता मर्यादित असून १९१० च्या कायद्यानुसार परवाना मिळालेल्या खाजगी कंपन्यांच्या हाती होता. कंपनी जेथे नफा तेथेच जाई. खेड्यात तारा नेणे तिच्या हिशेबात बसत नव्हते. गाडगीळांच्या खात्याने संविधान सभेच्या कायदेमंडळापुढे आणलेल्या विधेयकाचे उद्दिष्ट ही कोंडी फोडण्याचे होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमलात आलेल्या या अधिनियमाचे तीन स्तंभ सांगता येतात. पहिला, राष्ट्रीय पातळीवर धोरणात्मक सुसूत्रतेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण. दुसरा, प्रत्येक राज्यात निर्मिती, वहन व वितरण यांची जबाबदारी घेणारे वैधानिक राज्य विद्युत मंडळ. तिसरा, खाजगी परवानाधारकांच्या नफ्यावर मर्यादा घालणारे सहावे परिशिष्ट. राज्य मंडळाने शक्यतो तोट्यात व्यवहार करू नये, असेही कायद्यात नमूद होते. त्याच वर्षी दामोदर खोरे महामंडळाचा कायदाही गाडगीळांच्या खात्यामार्फत संमत झाला.

हा कायदा इंग्लंडच्या १९२६ च्या वीजकायद्याच्या धर्तीवरील होता. खुद्द इंग्लंडने मात्र १ एप्रिल १९४८ पासून संपूर्ण वीजव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण केले. भारताने तसे केले नाही. नव्या क्षमतेची उभारणी सार्वजनिक क्षेत्रात आणि जुन्या कंपन्या नियंत्रणाखाली चालू, अशी ही तडजोड होती. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने वीज ‘अ’ परिशिष्टात, म्हणजे शासनासाठी राखीव क्षेत्रात, गेली. पण तेव्हाही अस्तित्वात असलेल्या खाजगी कंपन्यांना मुभा राहिली. मावळच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ज्या वीजगृहांपासून या प्रदेशातील खाजगी विजेचा इतिहास सुरू झाला, ती खोपोली, भिवपुरी व भिरा येथील वीजगृहे सार्वजनिक मालकीत कधीच आली नाहीत. तिन्ही कंपन्या २००० मध्ये एकत्र होऊन टाटा पॉवर या एका कंपनीत विलीन झाल्या आणि आजही ही वीजगृहे तिच्याकडेच आहेत.

महाराष्ट्रात सार्वजनिक मालकीचा आरंभ शहरातून झाला. मुंबईतील वीज व ट्राम कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महानगरपालिकेने ताब्यात घेतली व ‘बेस्ट’ हा उपक्रम सुरू झाला. मुंबई राज्याचे विद्युत मंडळ स्थापन होण्यास मात्र १९५४ साल उजाडले, तर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले. कोयनेची वीज १९६२ मध्ये मिळू लागली आणि राज्याच्या मालकीची मोठी निर्मिती प्रत्यक्षात उतरली. योगायोग असा की, कोयनेवरील जलविद्युत योजनेचा विचार पहिल्या महायुद्धानंतर टाटांनीच प्रथम केला होता व तो सोडून दिला होता.

६. तुलना : ओंटारिओचा ॲडम बेक
सार्वजनिक विजेच्या इतिहासात कॅनडातील ओंटारिओ प्रांताचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लंडन या तेथील नगराचा महापौर व प्रांतिक विधिमंडळाचा सदस्य असलेल्या ॲडम बेक याने नायगाराची वीज मूठभर भांडवलदारांच्या हाती जाऊ नये, यासाठी नगरपालिका, व्यापारी व कारखानदार यांची चळवळ उभी केली. १९०६ मध्ये प्रांतिक जलविद्युत आयोग स्थापन होऊन बेक त्याचा पहिला अध्यक्ष झाला. तेथे गावोगावच्या नगरपालिकांनी मतदान घेऊन या योजनेत सहभाग घेतला होता.

बेक व गाडगीळ यांची तुलना उद्बोधक आहे. बेकच्या मागे वीज वापरणाऱ्यांची संघटित मागणी होती. गाडगीळांच्या मागे अशी मागणी नव्हती, कारण ज्या खेड्यांसाठी कायदा करावयाचा त्यांनी विजेचा दिवाच पाहिला नव्हता. बेकने चळवळीतून संस्था घडविली. भारतात आधी कायदा झाला, मग संस्था आली आणि ग्राहक सर्वांत शेवटी आला. राज्य विद्युत मंडळे पुढे लोकांची न वाटता ‘सरकारी’ वाटू लागली, याचे एक कारण या क्रमात शोधता येईल. मंडळाचे बिल न भरणे हा आपल्याच संस्थेवरील घाला आहे, असे शेतकऱ्यास वाटले नाही आणि दर ठरविताना राज्यकर्त्यांनीही हिशेबापेक्षा मतपेटीकडे अधिक पाहिले.

१९४८ हे वर्ष आणखी एका दृष्टीने सूचक आहे. ज्या वर्षी गाडगीळांच्या खात्याने वीजकायदा संमत करून घेतला, त्याच वर्षी त्यांचे जुने सहकारी केशवराव जेधे काँग्रेस सोडून शंकरराव मोरे यांच्यासह शेतकरी कामगार पक्षाच्या उभारणीत उतरले. या फाटाफुटीची कारणे अर्थातच निराळी होती. परंतु शेतकऱ्याचा आवाज आणि विकासाचा कायदा यांना एकत्र ठेवणारा जो दुवा जेधे-गाडगीळ युतीत होता, तो नेमका धोरण ठरण्याच्या क्षणी तुटला, असे म्हणावेसे वाटते.

७. पवना : मालकी बदलली, प्रश्न उरला
सार्वजनिक मालकीच्या कल्पनेची कसोटी मावळात पवना धरणाच्या रूपाने लागली. १९७२ च्या सुमारास पूर्ण झालेले हे धरण शासनाचे आहे. त्याच्या पायथ्याशी १० मेगावॅट क्षमतेचे सार्वजनिक मालकीचे छोटे वीजगृह आहे. धरणाचे मुख्य प्रयोजन मात्र पाणीपुरवठा असून पिंपरी-चिंचवडची तहान प्रामुख्याने त्यावर भागते. येथे खाजगी कंपनी नव्हती, नफ्याचा हेतू नव्हता. तरीही ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढील पिढ्यांपर्यंत रेंगाळला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ मध्ये झाला, तोपर्यंत पवनेचे धरण भरलेले होते. पवनेचे पाणी बंद नळातून शहरास नेण्याच्या योजनेविरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. मुळशी सत्याग्रहाला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.

दरम्यान १९४८ चा अधिनियमही इतिहासजमा झाला. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने १९९० च्या दशकात खाजगी विजेची किंमत महाराष्ट्रास दाखवून दिली. मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबविले. तरीही धोरणाची दिशा पालटली नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाने १९४८ चा कायदा रद्द केला आणि ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. मालकी शासनाचीच राहिली, पण रचना कंपनीची झाली.

निष्कर्ष :
१) विद्युत (पुरवठा) अधिनियम हा काकासाहेब गाडगीळ यांच्या मंत्रिपदाच्या काळातील सर्वांत दूरगामी परिणाम करणारा कायदा होय. त्याचे बौद्धिक श्रेय आंबेडकरांचे मजूर खाते व राष्ट्रीय नियोजन समिती यांना, तर संसदीय श्रेय गाडगीळांच्या खात्यास द्यावे लागते. दोहोंपैकी एकाचे नाव घेऊन दुसऱ्याचे वगळणे इतिहासास धरून होणार नाही.
२) ग्रामीण महाराष्ट्रात वीज पोहोचली ती प्रामुख्याने या कायद्याने निर्माण केलेल्या मंडळामुळे. नफ्याच्या हिशेबावर चालणाऱ्या परवानाधारक कंपन्यांकडून हे कार्य होण्यासारखे नव्हते. मंडळांच्या नंतरच्या तोट्याची चर्चा करताना या बाबीचा विसर पडू नये.
३) महाराष्ट्रात सार्वजनिक विजेचे धोरण लोकचळवळीतून आले नाही. लोकचळवळ झाली ती धरणाविरुद्ध. त्यामुळे वीज कोणाची, या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले. पण वीज व पाणी कोणाच्या जमिनीच्या मोबदल्यात, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीबाहेर राहिला.
४) सार्वजनिक मालकी आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हे पवनेच्या अनुभवावरून दिसून येते. खोऱ्यातील माणसाचा निर्णयात व लाभात वाटा नसेल, तर धरणाचा मालक कंपनी असो वा शासन, त्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

आज सौरऊर्जा प्रकल्पांसाठी आणि सह्याद्रीतील उदंचन जलविद्युत योजनांसाठी पुन्हा जमिनीची मागणी होत आहे. त्यांतील बऱ्याच योजना खाजगी गुंतवणुकीतून उभ्या राहणार आहेत. गाडगीळांच्या पिढीने मालकीचा प्रश्न धैर्याने हाताळला. जमिनीचा प्रश्न मुळशीच्या मावळ्यांनी मांडला होता. हे दोन्ही प्रश्न एकाच कायद्यात, एकाच वेळी विचारले जाणे, हे त्या दोघांकडून आपल्याकडे आलेले अपुरे काम आहे.